न मिटणारी सुरी

आमच्या ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन कमरेला सुरी लावून कामावर यायचे. एवढं वाचून डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो, तसे ते मुळीच नव्हते. जेमतेम साडेपाच फूट उंची, जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. कर्वेनगरहून सायकलवर येताना पँटच्या पायाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला असे. सुरी बुशशर्टाच्या आत, उजव्या बाजूला, चामड्याच्या म्यानात. पातं बरोबर तीन इंचांचं. रेल्वेच्या टाइमटेबलावर विश्वास ठेवणारी माणसं असतात, तसा त्यांचा त्या तीन इंचांवर विश्वास होता.

"अडीच इंचांची घेतली तर पेरू एका कापात होत नाही," ते म्हणत. "आणि साडेतीनची घेतली की माणूस शूर व्हायला लागतो."

आमची कंपनी पाण्याच्या टाक्या आणि छोट्या पुलांचे नकाशे करायची. मी तिथे ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. तेव्हा सगळं काम हातानं चाले. दहा वाजून पाच मिनिटांनी साहेब (हेड ड्राफ्ट्समनना आम्ही साहेबच म्हणायचो) सुरी काढत आणि दिवसभरासाठी सहा पेन्सिली तासून ओळीनं मांडत. खाली वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, त्यावर पडलेल्या ढलप्या एकसारख्या पातळ. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

पहिल्या दिवशी मी पर्समधून शार्पनर काढला. ते चष्म्यावरून बघत राहिले.

"अहो बाई, हे काय आहे?"

"शार्पनर आहे, साहेब."

"ते दिसतंय. शाळेतून परस्पर इकडेच आलात का?"

ते सगळ्यांनाच अहोजाहो करत. माझ्यासारख्या मुलीला 'बाई' आणि शिपायाला 'राव'. आदर दाखवायचा म्हणून असेल, पण त्यात अंतर ठेवण्याची सोयही होती.

ऑफिसात त्यांच्या सुरीला सगळ्यांची कामं असत. पार्सलची सुतळी, वाढदिवसाचा केक, कुणाच्या नव्या शर्टाच्या कॉलरला टोचणारं लेबल. पण सुरी मागितली की ते आधी विचारत, "कशाला?" कारण पटलं तर स्वतः उठून काम करून देत आणि पातं पुसून पुन्हा म्यानात. सुरी दुसऱ्याच्या हातात कधी जात नसे. एकदा ते जेवायला बसले असताना एका इंजिनियरनं त्यांच्या टेबलावरची सुरी उचलून रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. साहेब त्याच्याशी आठ महिने बोलले नाहीत. कामाचं काही सांगायचं असलं तर चिठ्ठी पाठवत, आणि चिठ्ठीखाली सही आणि तारीख.

मिटणाऱ्या चाकूचा त्यांना मनापासून राग. एकदा कुणीतरी परदेशातून आणलेला लाल मुठीचा, दहा पाती असलेला चाकू कौतुकानं दाखवायला आणला. साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला.

"छान आहे. उघडायला किती हात लागतात?"

"दोन."

"आणि सुरी लागते तेव्हा दुसऱ्या हातात काहीतरी धरलेलं असतंच. म्हणून तर सुरी लागते."

त्या माणसानं चाकू मिटून खिशात ठेवला. 

माझ्या सुरीची गोष्ट माझ्या बोटापासून सुरू झाली. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की दाढीच्या ब्लेडनं ती हलकेच खरवडून काढायची असते. मी अर्धं मोडलेलं ब्लेड वापरायचे. एका दुपारी ते घसरलं. बोट कापलं आणि रक्ताचे तीन थेंब एका पुलाच्या नकाशावर पडले. माझं अकरा दिवसांचं काम गेलं. मी बेसिनपाशी बोट धरून रडत उभी होते. साहेब मागून येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"बोट नाही दुखत."

"मग ठीक आहे. नकाशा परत काढता येतो. पण त्या ब्लेडला मूठ नाही, बाई. ज्याला मूठ नाही ते हातात धरू नये. तुम्हाला एक सुरी हवी."

मला वाटलं, उद्या एखादी आणून देतील. पण सुरी निवडणं हे त्यांच्या लेखी घर निवडण्याइतकंच सावकाश करायचं काम होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात कोऱ्या कागदावर ठेवायला लावला, भोवतीनं पेन्सिल फिरवली आणि तळव्याची रुंदी, अंगठ्याची लांबी, मूठ मिटल्यावर आत राहणारी पोकळी असं सगळं मिलिमीटरमध्ये लिहून घेतलं. मग आठवडाभर विचारत राहिले. पर्समध्ये ठेवणार की कमरेला? उजव्या हातानं पर्स उघडता की डाव्या? घरी कांदा कोण चिरतं? मी म्हटलं, आई चिरते. त्यांनी तेही लिहून घेतलं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर आम्ही बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक लखलखीत सुरी काढली. शिंगाची म्हणून प्लॅस्टिकची मूठ आणि पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात.

"हे दात कशाला?" साहेबांनी विचारलं.

"जंगलात उपयोगी पडतात."

"आम्ही कर्वेनगरला राहतो."

दुकानदारानं सुरी शांतपणे परत कपाटात ठेवली. "मग विळी न्या," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाहेर आल्यावर साहेब खूश दिसत होते. "उत्तर चांगलं दिलं त्यानं," म्हणाले. "माल वाईट आहे."

त्यानंतर आम्ही आणखी चार दुकानं पाहिली. स्टेनलेस त्यांना नको होतं. "त्याला गंज लागत नाही, म्हणून मग कोणी त्याच्याकडे बघतच नाही. साध्या पोलादाच्या पात्याला रोज पुसावं लागतं. रोज पुसलं की रोज बघितलं जातं." दोन्ही बाजूंना धार असलेली तर त्यांनी हातातही धरली नाही. अंगठा कुठे ठेवायचा, एवढंच विचारलं. एक सुरी मला फार आवडली होती, पितळी टोपीची, हातात भरीव लागणारी. त्यांनी ती दोन बोटांवर तोलून खाली ठेवली. "जड आहे. वजन म्हणजे घडवणाऱ्याचा आळस."

शेवटी आम्ही वारज्याला गेलो. तेव्हा वारजे म्हणजे गावच होतं. कॅनॉलच्या पलीकडे शेतं, आणि रस्त्याकडेला एका लोहाराचं छप्पर. लोहार सांडशीत लोखंड धरून बसायचा आणि त्याची बायको उभी राहून घण घालायची. लुगड्याचा काचा मारलेला, दंडावर गोंदण. घण खाली येताना ती लोखंडाकडे बघायचीसुद्धा नाही. साहेबांची स्वतःची सुरी या नवराबायकोनंच घडवली होती, झिजलेल्या कानशीपासून.

साहेबांनी माझ्या हाताचा नकाशा पुढे केला. लोहारानं तो उलटा धरला, मग सुलटा, मग बायकोकडे दिला. तिनं तो बाजूला ठेवला आणि माझा हात आपल्या हातात घेऊन दाबून बघितला.

"कागुद कशापायी? हात हितंच हाय की."

साहेबांनी बाजूला पडलेला नकाशा उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. 

पंधरा दिवसांनी सुरी मिळाली. बाभळीची मूठ, तीन इंच पातं. माझ्या हातात ती अशी बसली की मला माझा हात नवा वाटला. साहेबांनी धार दगडावर कशी लावायची, लिंबू कापलं की लगेच का पुसायचं, हे शिकवलं. सुरी कुणाकडे रोखायची नाही, गमतीतसुद्धा नाही, हे तीनदा सांगितलं.

घरी मात्र वडिलांना ती पटेना. "मुलीच्या जातीनं पर्समध्ये सुरी?" त्यातच मला बघायला एका मुलाकडची मंडळी आली. पेढ्याच्या खोक्याची सुतळी कुणाला सुटेना. मुलाच्या आईनं नखांनी बघितलं, मुलानं दातांनी बघितलं. मी आतून पर्स आणली, सुरी काढली, सुतळी कापली, पातं पुसून परत ठेवली.  चार दिवसांनी नकार आला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी ऑफिसात सांगितलं तेव्हा साहेब रेघ मारत होते. रेघ पूर्ण करून त्यांनी मान वर केली.

"पेढे कसे होते?"

"बरे होते."

"मग नुकसान काही नाही."

याच सुमारास आमच्याकडे नवे मॅनेजर आले. टापटिपीचे, मुंबईत वाढलेले. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी साहेबांना सुरीनं काकडी सोलताना पाहिलं आणि संध्याकाळी फलकावर सूचना लागली. कार्यालयात कोणत्याही प्रकारचे हत्यार बाळगण्यास लेखी परवानगीशिवाय मनाई आहे.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता भांडण होणार. साहेब फक्त सूचना दोनदा वाचून जागेवर आले आणि बोर्डवर कोरा कागद ताणला. तीन दिवस ते कशावर तरी काम करत होते. मी शेजारी बसत असल्यामुळे मला दिसत होतं. सुरीचा नकाशा होता तो. वरून, बाजूनं, मधोमध छेद घेऊन. पात्याची जाडी, धारेचा कोन, मुठीतल्या दोन खिळ्यांमधलं अंतर. अक्षरं छापल्यासारखी. खाली चौकटीत नाव लिहिलं होतं: 'हस्तसाधन, नग एक.' त्याखाली तीन रकाने: काढणार, तपासणार, मंजूर करणार.

त्या आठवड्यात मांजरी गावातल्या एका पाण्याच्या टाकीचे एकोणीस नकाशे सहीला जायचे होते. विसावा त्यांच्यात ठेवून साहेबांनी गठ्ठा आत पाठवला. शनिवार होता, मॅनेजरांना मुंबईची गाडी गाठायची होती. त्यांनी वीसही नकाशांवर सह्या केल्या.

साहेबांनी मंजूर झालेला नकाशा काढून घ्यायचा आणि फाइलला लावायचा, एवढाच बेत होता. पण शिपायानं सगळा गठ्ठा प्रिंट काढायला नेला आणि तिथून तो थेट मांजरीच्या साइटवर गेला. पुढच्या बुधवारी तिथल्या कंत्राटदाराचा फोन आला. मॅनेजरांच्या केबिनचं दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला एक बाजू ऐकू येत होती.

"कुठलं साधन?... नाही, टाकीच्या आत नाही... बाहेरही नाही... अहो, बसवू नका! काहीही बसवू नका!"

संध्याकाळी मॅनेजर बाहेर आले. त्यांनी साइटवरून प्रिंट मागवून घेतली होती. ती हातात धरून ते साहेबांच्या टेबलापाशी आले. 

"हे तुम्ही काढलंत?"

"हो. आपण लेखी परवानगी मागितली होती."

मॅनेजर त्या कागदावरची मापं एकेक करून वाचू लागले. मी बघत होते, त्यांचा राग हळूहळू कुठेतरी चालला होता. नकाशा फारच सुंदर होता, आणि ते स्वतः इंजिनियर होते.

"मूठ लाकडी दाखवलीय," ते म्हणाले. "कुठलं लाकूड ते लिहिलेलं नाही. दुरुस्त करून आणा."

"बाभूळ," साहेब म्हणाले. "चूक झाली. आणतो."

सूचना फलकावर आणखी दोन वर्षं होती. नंतर ती पिवळी पडून आपली आपण निघाली.

पुढे ते निवृत्त झाले. ऑफिसात काँप्युटर आले, बोर्ड भंगारात गेले, पेन्सिली राहिल्या त्या फक्त टेलिफोनजवळ. माझंही लग्न झालं, सुरीला न घाबरणाऱ्या माणसाशी. साहेबांच्या जागेवर मी बसू लागले होते. वर्षातून दोनतीनदा कर्वेनगरला त्यांच्याकडे चक्कर व्हायची. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचे. त्या कमी बोलायच्या आणि उत्तम उपमा करायच्या.

एका सकाळी वहिनींचाच फोन आला.

"जरा येऊन जाल का? यांनी सुरी काढून ठेवलीय."

मी लगेच गेले. साहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि थरथरत होता. थांबत नव्हता. कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीनदा बोट कापल्यावर त्यांनी स्वतःच म्यानाचा पट्टा सोडून सुरी कपाटात ठेवली होती. तेव्हापासून ते बाहेर पडले नव्हते. वहिनी फळं कापून बशीत ठेवत आणि संध्याकाळी बशी तशीच उचलत.

"धारेची काही चूक नाही," ते मला म्हणाले. "हात गेला."

त्यांच्या तोंडून इतकं हरलेलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.  मग मी त्यांच्याच पद्धतीनं बोलले, कारण दुसरी मला येत नव्हती.

"हात गेला नाही, साहेब. बदललाय. ती सुरी जुन्या हाताच्या मापाची आहे."



"मग?"

"मग काय. चला वारज्याला."

नको नको म्हणत होते. पण वहिनी आत जाऊन साडी बदलून बाहेर येऊन उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना इलाज उरला नाही. रिक्षानं निघालो. वाटेत शेत एकही दिसलं नाही. सोसायट्या, गाड्यांची शोरूम, मोठा पूल. मला वाटलं, छप्पर गेलं असणार. छप्पर गेलंच होतं. त्या जागी खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं दुकान होतं आणि लोहाराचा मुलगा ते चालवत होता. लोहार वारला होता. पण दुकानाच्या पायरीवर खुरपी, विळे मांडून त्याची बायको बसलेली होती. केस पांढरे, डोळ्याला चष्मा.

तिनं साहेबांना ओळखलं नाही, पण त्यांच्या हातासाठी सुरी हवी म्हटल्यावर आपला हात पुढे केला. त्यांनी आपला थरथरता हात तिच्या हातात दिला. तिनं तो दाबून बघितला, सोडला, आणि पायरीवरचं सगळ्यात लहान खुरपं त्यांच्या हातात ठेवलं. हात तसाच. मग मोठं खुरपं दिलं. मग दुकानातून मुलाची लोखंडी हातोडी मागवून तीच त्यांच्या हातात दिली.

थरथर अगदी थांबली नाही. पण कमी झाली. ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

"जड धरलं की हात निवतो बगा," ती म्हणाली. "हलकी सुरी न्हाय चालायची तुमाला. मूठ भरीव पायजे."

साहेबांनी हातोडीकडे बघितलं. आयुष्यभर हलक्या सुरीची तरफदारी केलेला माणूस. 

"किती जड?" त्यांनी विचारलं.

"करून बगू. आन टोक गोल करायचं. तुमी टोकानं काय करता?"

ते आठवत राहिले. "पेन्सिलीला..." एवढं म्हणून थांबले. "आता काही नाही," ते म्हणाले. "करा गोल."

दोन तास लागले. तिनं सांगायचं आणि मुलानं यंत्रावर घासायचं. मूठ लाकडी नव्हतीच, लोखंडी नळीत शिसं ओतलेलं आणि वर सुतळी घट्ट गुंडाळलेली. पातं रुंद, आखूड, पुढून जिभेसारखं गोल. मुलगा म्हणाला, अशी कुरूप वस्तू आमच्या दुकानातून कधी गेली नाही. साहेबांनी ती सहा वेळा परत दिली. अंगठ्याला जागा कमी आहे. धारेचा कोन जास्त आहे. वजन पुढे जातंय. त्यांचा आवाज हळूहळू ऑफिसातला होत चालला होता, आणि म्हातारी प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होती.

सातव्या वेळी त्यांनी ती परत दिली नाही. शेजारी गाडीवर मोसंबी होती. मी एक आणून दिली. ते पायरीवर बसले, मोसंबी डाव्या हातात धरली आणि पातं टेकवलं. पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा सालाचा तुकडा उडून रस्त्यावर पडला. माझा हात आपोआप पुढे गेला, तेव्हा म्हातारीनं माझं मनगट धरून खाली केलं.

फार वेळ लागला. साल तुकड्या-तुकड्यानं निघालं, काही ठिकाणी गरासकट. रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला. शर्टावर डाग पडले. रिक्षावाला दोनदा येऊन बघून गेला. वहिनी उभ्या होत्या. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

साहेबांनी मोसंबी कापली. एक फोड वेडीवाकडी निघाली. ती पात्यावर ठेवून, दोन्ही हातांनी सुरी धरून, त्यांनी वहिनींपुढे केली.

"घे," ते म्हणाले. "बिया काढल्या नाहीत. तेवढं बघ."

वहिनींनी फोड उचलून तोंडात टाकली आणि बियांसकट चावून खाल्ली.